जामीनदाराची सही : बडोद्यातील एका पतसंस्थेच्या नियमबदलाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

विकसनशील देशांतील संस्थात्मक बदलाची चर्चा सहसा राज्यघटना, न्यायालये, जमिनीचा कायदा किंवा मध्यवर्ती बँक यांच्याभोवती फिरते. येथे त्यामानाने फार लहान संस्था घेतली आहे. बडोद्यातील मराठी सभासदांची एक सहकारी पतसंस्था अडचणीत आली, तिने एकदा नियम बदलले आणि काहीच बदलले नाही, मग दुसऱ्यांदा बदलले आणि बरेच काही बदलले, एवढाच हा विषय आहे. पहिल्या खेपेचे नियम दुसऱ्या खेपेच्या नियमांपेक्षा कागदावर अधिक चांगले होते, आणि हे प्रकरण मांडावेसे वाटण्याचे कारणही तेच. प्रस्तुत लेखकाला सल्लागार या नात्याने संस्थेचे दप्तर पाहता आले व काही बैठकांना बसता आले. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि संस्थेचे आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

बडोद्यात सहकाराची मुळे कायद्यापेक्षा जुनी आहेत. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८८९ साली, येथे अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली झाला. (त्या मंडळीची पुढे बँक झाली आणि त्या बँकेचे काय झाले, हा स्वतंत्र आणि फारसा सुखावह नसलेला विषय आहे.) लोक आधी एकमेकांना बांधून घेतात आणि सरकारी शिक्का मागाहून येतो, याचे याहून जवळचे उदाहरण बडोदेकराला शोधायला नको.

प्रस्तुत संस्था मात्र स्वातंत्र्यानंतरची. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि शहराभोवती कारखान्यांचा पट्टा उभा राहू लागला. त्या काळात कायम नोकरीत लागलेले मराठी तरुण, शाळामास्तर आणि सरकारी कारकून यांनी मिळून ती काढली. नोंदणी गुजरात सहकारी संस्था अधिनियम, १९६१ खाली झाली. गुजरातच्या रिवाजाप्रमाणे अध्यक्षाला तेथे ‘प्रमुख’ आणि चिटणिसाला ‘मंत्री’ म्हणतात, आणि या लेखातही तसेच म्हटले आहे.

संस्थेचे सभासद दांडिया बाजार, रावपुरा, वाडी आणि नवापुरा या भागांत दाटीने राहत होते. कर्जे लग्नाची, मुंजीची, छपराची, फीची. पोटनियमांत कर्जाला दोन जामीनदार हवेत आणि एकाने दोनपेक्षा जास्त कर्जांना जामीन राहू नये, एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात चालणारा नियम याहून पुष्कळ कडक होता आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. जामीनदार कर्जदाराच्याच वाड्यात किंवा पलीकडच्या गल्लीत राहत असे, पुष्कळदा त्याच कारखान्यात त्याच पाळीला जात असे; हप्ता चुकला की त्याला ते नोटिशीआधी नळावर कळे, आणि गणपतीच्या आरतीला कर्जदार दिसला की तो त्याला बाजूला घेऊन विचारी. जोडीला पगारातून कपात होती. कर्जदाराने करार करून दिला की मालक हप्ता कापून परस्पर संस्थेत भरत असे. अशा व्यवस्थेत वसुली अधिकाऱ्याची गरजच पडत नाही, आणि संस्थेत तो कधी नव्हताही.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत या व्यवस्थेचे आधार एकामागून एक निघत गेले. वाडे पडले, कुटुंबे मांजलपूर, तरसाली, वाघोडिया रोड अशी पांगली. सरकारी कंपनी २००२ साली खासगी मालकीकडे गेली. इतरत्रही कायम कामगार निवृत्त झाले की त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसे येऊ लागली. सभासदाचा मुलगा सावली किंवा हालोलला कामाला जातो, परंतु त्याचा मालक कोण हे दर दीड-दोन वर्षांनी बदलते, आणि ठेकेदार कोणाच्या पतसंस्थेसाठी पगार कापत बसत नाही. तरीही कर्जमंजुरीच्या बैठकीत विचारला जाणारा प्रश्न जुनाच राहिला : ‘जामीन कोण?’ उत्तरात एखादे ओळखीचे आडनाव आले की फाइल पुढे सरके.

अर्थशास्त्रात याला समांतर असे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अकराव्या शतकातील भूमध्य समुद्रावरच्या मघरेबी ज्यू व्यापाऱ्यांचा अभ्यास ॲव्हनर ग्राइफ यांनी केला. दूरच्या बंदरातला अडत्या फसवणूक करील तर त्याला सगळ्या मघरेबी व्यापाऱ्यांकडून काम मिळणे बंद होई, आणि या धाकावर न्यायालयाशिवाय मोठा व्यापार चाले. ही पद्धत स्वस्त असते. मात्र ती ओळखीच्या वर्तुळापुरतीच चालते, आणि बातमी पोहोचेनाशी झाली की धाकही संपतो. संस्थेत नेमके हेच झाले होते. फरक एवढाच की वर्तुळ तुटल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण आडनावे तीच होती.

प्रश्न

थकबाकी हळूहळू वाढत होतीच. करोनाच्या वर्षात ती उघडी पडली. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० पासून आधी तीन आणि मग आणखी तीन महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना व वित्तसंस्थांना दिली. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थेला ते परिपत्रक लागू नव्हते. परंतु सभासदांत बातमी अशी पसरली की सहा महिन्यांचे हप्ते माफ झाले. ऑगस्ट संपल्यावर ज्यांनी पुन्हा भरणा सुरू केला नाही त्यांत टाळेबंदीने खरोखर मोडलेले लोक होते आणि सोय पाहणारेही होते, आणि कार्यालयाकडे दोघांना वेगळे ओळखण्याचे काही साधन नव्हते. दीड वर्षानंतर एकूण कर्जापैकी सुमारे पाचव्या भागाची वसुली अडली होती.

ठेवींची बाजू अधिक नाजूक होती. ठेवी बहुतांश निवृत्तांच्या, काही विधवांच्या. बँकांतील ठेवींचे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेले, मात्र पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. त्यातच गुजरातेतल्या ठेवीदाराच्या मनात अहमदाबादची माधवपुरा बँक आहे, जी २००१ साली शेअर बाजाराच्या घोटाळ्यात बुडाली आणि जिच्या धक्क्याने राज्यभर नागरी बँकांपुढे रांगा लागल्या. ‘सोसायटीत गडबड आहे’ एवढे एक वाक्य वार्षिक सभेच्या सेव-उसळीच्या पंगतीत कोणी बोलले असते तरी पुढच्या आठवड्यात मुदत ठेवी मोडायला माणसे आली असती.

दप्तर तपासताना एका दुपारी मंत्र्यांनी थकीत कर्जदारांची नावे एका मोठ्या कागदावर लिहून जामीनदारांकडे बाण काढले. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झाले. अ ला ब जामीन, ब ला क, आणि क ला पुन्हा अ. काही ठिकाणी दोघेच एकमेकांना जामीन होते. सहीच्या बदल्यात सही, ही देवघेव इतकी अंगवळणी पडली होती की कोणी ती लपवलीही नव्हती. एकाच माणसाची सही सात कर्जांवर आढळली, आणि पोटनियमाप्रमाणे त्याला दोनच कर्जांना जामीन राहता येत होते.

समोरचे पर्याय

संचालक मंडळात बरेच पर्याय बोलले गेले. संस्था गुंडाळून ठेवी परत कराव्यात, असे दोन ज्येष्ठ संचालकांचे मत होते. परंतु ठेवी परत करायच्या तर आधी कर्जे वसूल व्हायला हवीत, आणि बंद पडणाऱ्या संस्थेचे कर्ज कोणी फेडत नाही. शहरातील एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या छत्राखाली जावे, ही सूचनाही आली. पाचवा हिस्सा थकलेला कर्जव्यवहार अंगावर घ्यायला कोणती बँक तयार होईल, या प्रश्नावर ती सूचना थांबली.

सर्व थकबाकीदारांवर एकदम दावे लावावेत, असे वकील संचालकाचे म्हणणे होते. गुजरातेत सहकारी संस्था आणि सभासद यांच्यातील तंटे निबंधकांच्या वतीने बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे चालतात, आणि निवाडा सहसा संस्थेच्या बाजूने होतोही. अडचण निवाड्यानंतर सुरू होते. जप्तीसाठी कर्जदाराचे काही तरी नावावर असावे लागते. येथे राहते घर आजोबांच्या नावावर, वारस नऊ, आणि त्यातले तिघे पुण्याला. घर तारण घेऊन नवी कर्जे द्यावीत हा विचारही याच कारणाने बारगळला.

राहिला तो पर्याय सर्वांना सुटसुटीत वाटला : बँका करतात तसे करावे.

पहिला प्रयत्न

नवी कर्ज नियमावली एका महिन्यात तयार झाली. अर्ज आठ पानी. उत्पन्नाचा पुरावा, तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचा खातेउतारा, क्रेडिट स्कोअरचा अहवाल, गुणांकन तक्ता, कर्ज समिती, जोखीम अहवाल. नियमावली एका खासगी बँकेच्या कागदांवरून घेतली होती, आणि ती वाईट होती असे मुळीच म्हणता येणार नाही. निबंधक कार्यालयातून आलेल्या तपासनिसाने तिची तारीफ केली.

वर्षभरात थकबाकी किंचित वाढली. फाइल मात्र आता पूर्ण असे.

कारणे शोधताना जे आढळले ते नमूद करण्यासारखे आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या सभासदाकडे विवरणपत्र नसते, म्हणून कार्यालयातला कारकूनच उत्पन्नाचा दाखला कसा लिहायचा ते सांगू लागला. गुणांकन तक्त्यात किमान गुण ६० ठरले, आणि लवकरच बहुतेक अर्जांना ६२ ते ६५ गुण पडू लागले. क्रेडिट स्कोअरची गोष्ट तर विनोदी म्हणावी अशी होती. प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो सभासदाने आणावा असा नियम केला; परंतु ही संस्था हे अहवाल तयार करणाऱ्या पतमाहिती कंपन्यांची सभासद नसल्यामुळे तिच्याकडची थकबाकी त्या अहवालात येतच नव्हती. संस्थेचे दोन हप्ते बुडवलेला माणूस संस्थेलाच उत्तम स्कोअर दाखवून नवे कर्ज मागू शकत होता, आणि एकाने ते मागितलेही.

लँट प्रिचेट, मायकेल वुलकॉक आणि मॅट अँड्र्यूज यांनी विकसनशील देशांतील सरकारी सुधारणांविषयी मांडलेली कल्पना येथे शब्दशः लागू पडते. यशस्वी संस्थेचे बाह्य रूप उचलायचे, तिचा कायदा, तक्ते, पदनामे आणायची, आणि काम जुन्याच रीतीने चालू ठेवायचे. बाहेरून तपासणारा रूपच पाहतो, त्यामुळे या नकलेला मान्यताही मिळते. नक्कल करणारे लबाड असतातच असे नाही. आमच्या मंडळातील माणसे मनापासून सुधारणा करीत होती. बँकेची नियमावली बँकेत चालते, कारण तिच्यामागे पगारी वसुली विभाग असतो, तारण असते, आणि नाही म्हणणारा अधिकारी अर्जदाराच्या मुलीच्या लग्नाला जाणार नसतो. येथे या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

कायद्याच्या वरच्या पायरीवरही असेच घडलेले दिसते. २०११ सालच्या ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या निवडणुका, मुदती, लेखापरीक्षण यांविषयी घटनेत नवा भाग आला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली तो अवैध ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, राज्यांतर्गत संस्थांपुरता, तो निर्णय कायम केला. दहा वर्षांच्या या प्रवासाचा आमच्या संस्थेतील पुरावा म्हणजे कपाटातील पोटनियम दुरुस्तीचा एक मसुदा. कर्ज कोणाला मिळते आणि कोणाला मागितले जाते, यावर त्याचा काहीही परिणाम झाला नव्हता.

निर्णायक टप्पा : पहिली नोटीस कोणाला

दुसऱ्या प्रयत्नाची सुरुवात नियमांनी झाली नाही. ती एका यादीने झाली. नव्याने निवडून आलेल्या प्रमुखबाईंनी थकीत कर्जांची यादी रकमेप्रमाणे लावायला सांगितली. पहिल्या पाचांत एक कर्ज संस्थेच्या माजी प्रमुखांच्या पुतण्याचे होते, आणि त्यावर जामीनदार म्हणून खुद्द माजी प्रमुखांची सही होती. हे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, संस्थेच्या स्थापनेपासूनचे सभासद, आणि निम्म्या संचालकांचे या ना त्या नात्याने काका.

बैठकीत दोन मते पडली. एक असे की आधी लहान कर्जांपासून सुरुवात करावी, वसुलीची सवय लागू द्यावी, आणि काकांचा विषय सबुरीने, घरगुती पातळीवर मिटवावा. व्यवहाराच्या दृष्टीने हे मत चुकीचे नव्हते. लहान रकमा लवकर येतात आणि काका दुखावले तर त्यांच्यामागची दहा-बारा घरे ठेवी काढतील हा धोका खरा होता. दुसरे मत मंत्र्यांचे. त्यांचे म्हणणे असे की तीनशे लोक आपल्याकडे बघत आहेत. काकांना सोडून आपण नवापुऱ्यातल्या टेम्पोवाल्याच्या दारी गेलो तर तो पहिला प्रश्न काकांविषयीच विचारील आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

डग्लस नॉर्थ यांनी संस्थांची व्याख्या खेळाचे नियम अशी केली आणि त्यासाठी त्यांना १९९३ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, हे पाठ्यपुस्तकात येते. त्यांच्याच कामात येणारा, मला जास्त उपयोगी वाटणारा मुद्दा वेगळा आहे : नियम करणारा स्वतः त्या नियमाने बांधला गेला आहे असे इतरांना दिसेपर्यंत त्याच्या शब्दावर कोणी पैसा लावीत नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या राजाला कर्ज मिळण्याचा प्रश्न आणि दांडिया बाजारातील पतसंस्थेचा प्रश्न या बाबतीत एकाच जातीचे होते.

मंडळाने थोड्या बहुमताने मंत्र्यांचे मत स्वीकारले. नोटीस टपालाने न पाठवता मंत्री आणि प्रमुखबाई स्वतः घेऊन गेल्या. काकांनी प्रथम पुतण्याच्या धंद्याची हकीकत सांगितली, मग संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांची. मंत्री म्हणाले, “काका, त्या वेळी पुतण्याला कोण ओळखत होतं? पैसे तुमच्या सहीवर दिलेत.” काकांनी नोटीस ठेवून घेतली. तीन आठवड्यांनी त्यांनी संस्थेतलीच आपली एक मुदत ठेव मोडून कर्जाचा मोठा भाग भरला, आणि बाकीच्यासाठी पुतण्याकडून हप्ते लिहून घेतले. त्यांच्या घरातील दोघांनी खाती बंद केली; ते पैसे मागताक्षणी दिले गेले.

पुढच्या काही महिन्यांत जामीनदार आपणहून कार्यालयात येऊ लागले. काही भरायला आले, बरेचसे आपली सही परत मिळते का ते विचारायला आले. सही परत मिळत नाही हे कळल्यावर ते कर्जदाराकडे गेले, आणि संस्थेला तेच हवे होते.

दुसरी नियमावली

आता नियम करण्यात अर्थ होता. आठ पानी अर्ज दोन पानी झाला. सभासदांचे राहत्या भागाप्रमाणे आणि कामाच्या जागेप्रमाणे गट केले, त्यांत मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कामगारांचा एक वेगळा गट ठेवला, आणि कर्जाची शिफारस करण्याचा अधिकार गटाकडे दिला. जामीनदारांपैकी एक त्याच गटातला आणि एक कुटुंबाबाहेरचा हवा. ज्याला तुम्ही जामीन आहात तो तुम्हाला जामीन राहू शकत नाही. आणि जामीनदाराने कर्जाच्या दहा टक्के इतकी ठेव संस्थेत राखली पाहिजे, जिच्यावर संस्थेचा अग्रहक्क राहील. दोन लाखांच्या कर्जाला वीस हजार अडकवायचे म्हटल्यावर सहीच्या बदल्यात सही आपोआप थांबली.

वसुलीची पायरी ठरवली. पहिला हप्ता चुकला की आठवड्याच्या आत गटप्रमुखाचा फोन, दुसऱ्याला जामीनदारासह घरी भेट, तिसऱ्याला लाभांश रोखणे, त्यानंतरच नोटीस आणि दावा. पूर्वी अकरा-बारा महिने काहीच होत नसे आणि मग एकदम वकिलाचे पाकीट येई. सामाईक साधने सांभाळणाऱ्या समूहांच्या अभ्यासात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना (२००९ चे नोबेल) टिकलेल्या व्यवस्थांत जी लक्षणे दिसली, त्यांत शिक्षा हळूहळू वाढत जाणे आणि नियम पाळणाऱ्यांचा नियम करण्यात हात असणे ही दोन ठळक आहेत. गटप्रमुखांपैकी कोणी ऑस्ट्रॉम वाचलेली नव्हती. पायऱ्या त्यांच्याच बैठकीत ठरल्या.

सर्वांत स्वस्त बदल हप्त्याच्या तारखेचा होता, आणि तो सुचवला एका तरुण सभासदाने. दोन लाखांचे कर्ज, दरसाल बारा टक्के व्याज, तीन वर्षे मुदत, म्हणजे महिन्याला ६,६४३ रुपये. संस्थेचा भरणा महिन्याच्या दहा तारखेपर्यंत घेतला जाई, कारण एके काळी कारखान्यांचे पगार सात तारखेला होत. ठेकेदाराच्या माणसाला पैसे मिळतात ते ठेकेदाराचे बिल निघाल्यावर, कधी अठराला, कधी पंचविसाला. दहा तारखेला खिशात नसलेले पैसे पंचविसाला आले तरी तोवर ते दुसऱ्या देण्यात गेलेले असत. तारीख सभासदाने निवडावी, असे ठरले. पुष्कळ ‘थकबाकीदार’ एवढ्यानेच नियमित झाले.

एका मुद्द्यावर मात्र मंडळ बराच काळ अडले होते. एखाद्या गटाची थकबाकी ठरावीक मर्यादेपुढे गेली तर त्या गटाला नवे कर्ज पूर्ण बंद करावे, असा प्रस्ताव होता. शेजाऱ्याचा दबाव हे बळ आहे आणि तेच हत्यारही होऊ शकते. आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जांच्या वसुलीचा जाच आणि आत्महत्या यांवरून २०१० साली राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला होता, त्याची आठवण एका शिक्षिका संचालकांनी करून दिली, आणि आपल्या गटात विधवा सभासद किती आहेत तेही सांगितले. शेवटी नवे कर्ज बंद करण्याऐवजी गटाची कर्जमर्यादा निम्मी करावी आणि आजारपण किंवा नोकरी जाणे या कारणांनी थकलेले हप्ते गटाच्या हिशेबात धरू नयेत, असे ठरले. या सवलतीचा काही प्रमाणात गैरवापर होतो, आणि तो होणार हे धरूनच ती दिली आहे.

निष्पत्ती

दोन वर्षांत अडकलेली वसुली साधारण निम्म्यावर आली. उरलेल्यात बुडीत म्हणून सोडून द्यावी लागतील अशी जुनी कर्जे आहेत आणि बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढील काही दावे आहेत. ठेवींत सुरुवातीला घट झाली, मग त्या स्थिरावल्या. ठेवी काढायला येणाऱ्याला एकही दिवस थांबवायचे नाही, यासाठी संस्थेने आपल्या बँकेतील मुदत ठेवींची मुदत आधीच लहान करून ठेवली होती. हा निर्णय कोणाच्या लक्षात आला नाही, परंतु तो नसता तर काकांच्या नोटिशीनंतरचा महिना पार पडला नसता.

किंमतही मोजावी लागली. जामीनदाराच्या दहा टक्के ठेवीच्या अटीमुळे सर्वांत गरजू सभासदांना जामीनदार मिळेनासे झाले. त्यांच्यापैकी काहीजण पुन्हा खासगी सावकाराकडे, महिना तीन टक्क्यांनी, गेल्याचे गटप्रमुखांनी सांगितले. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला ही अट पाच टक्क्यांवर आणायला मंडळाने पाऊण वर्ष घेतले.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या नियमावलीत वाया गेलेले वर्ष टाळता आले असते का? जामिनांच्या बाणांचा कागद नियमावलीच्या आधी काढला गेला होता, आणि तोच पुरेसा इशारा होता. मंडळाने तो पाहिला, हळहळ व्यक्त केली आणि दुसऱ्याच रोगावरचे औषध आणले. त्याऐवजी एका भागातील पंचवीस-तीस कर्जांवर गटाची पद्धत आधी करून पाहता आली असती. दुसरीकडे, पहिल्या प्रयत्नाचे अपयश सर्वांनी पाहिले नसते तर काकांना नोटीस देण्याइतके बहुमत झाले असते का, याविषयी मला शंका आहे.

काकांच्या बाबतीत सुरुवात तेथूनच करणे योग्य होते, असे माझे मत कायम आहे. मात्र भेटीआधी फोनवर कल्पना देता आली असती. आठ दशके पाहिलेल्या माणसाला दारात अचानक कागद दाखवण्याने नियमाचे वजन वाढत नाही, आणि बंद झालेली दोन खाती कदाचित राहिली असती.

गरजू सभासदांचा प्रश्न मात्र आधीच दिसायला हवा होता. ठेवीची अट ठरवणाऱ्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाकडे वीस हजारांची ठेव होती. मकरपुऱ्याच्या गटातले कोणी त्या बैठकीत असते तर ती अट पाऊण वर्ष आधीच बदलली असती.

त्या गटातूनच आता नवा प्रस्ताव आला आहे. त्यांच्या कारखान्यांत शेजारच्या यंत्रावर काम करणारे गुजराती आणि उत्तर भारतीय कामगार सभासद होऊ इच्छितात, आणि जामीनदार म्हणून तेच सर्वांत उपयोगी आहेत, कारण कोणाला काम आहे आणि कोणाचे सुटले हे त्यांनाच रोज दिसते. पोटनियमांत सभासदत्वाला भाषेची अट कधीच नव्हती; इतक्या वर्षांत कोणी अर्ज केला नाही आणि कोणी करू दिला नाही. ज्येष्ठ संचालक म्हणतात की गटाची पद्धत ओळखीवर उभी आहे, तीच सैल करू नका. मकरपुऱ्याचे म्हणणे असे की ओळख आता तिकडे आहे, दांडिया बाजारात नाही. प्रमुखबाईंनी ठराव येत्या वार्षिक सभेपुढे ठेवला आहे, आणि मंडळातील मते या घडीला सारखी विभागलेली आहेत.